लोकल स्विचिंग: व्हीलॅन ३० चा तिढा सुटला

दुसऱ्या साइटवर वाय-फायचं लोकल स्विचिंग, म्हणजे क्लायंटचा डेटा मध्यवर्ती कंट्रोलरकडे न नेता ॲक्सेस पॉइंटपासूनच (एपी) साइटच्या नेटवर्कमध्ये सोडणं, बसवायचं अडलेलं काम अखेर मार्गी लागलं. क्लायंट (फोन, लॅपटॉप) जोडला जायचा, आयपीही मिळायचा, पण व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) ३० ऐवजी १० मधला, म्हणजे एपींच्याच मॅनेजमेंट सबनेटमधला. कंट्रोलरवर मात्र सगळं हिरवंगार.

मांडणी मागच्या नोंदीतलीच, थोडक्यात अशी: कंट्रोलर सिस्कोचा ९८००. पॉलिसी प्रोफाइलमध्ये (क्लायंटना लागू होणारी सेटिंग्ज) सेंट्रल स्विचिंग, सेंट्रल डीएचसीपी (आयपी वाटप) आणि सेंट्रल असोसिएशन बंद, सेंट्रल ऑथेंटिकेशन चालू. साइट टॅगमधली (एपी कोणत्या साइटचा ते सांगणारी खूणचिठ्ठी) 'एनेबल लोकल साइट'ची खूण काढलेली, फ्लेक्स प्रोफाइल (त्या साइटच्या लोकल स्विचिंगची सेटिंग्ज) जोडलेलं. एपीचा स्विचवरचा पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा: नेटिव्ह (टॅग नसलेल्या फ्रेमचा व्हीलॅन) १०, अलाउड १०, ३०, ४०.

कंट्रोलरवरचा रेडिओॲक्टिव्ह ट्रेस (एका क्लायंटच्या जोडणीचा तपशीलवार लॉग) इथे कामाचा नाही. ऑथेंटिकेशन कुठे अडलं हे शोधायला त्याला तोड नाही, पण फ्रेम एपीतून कोणत्या व्हीलॅन टॅगने बाहेर पडली हे बघायचं तर ॲक्सेस स्विचवरच जावं लागतं. तिथे 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' ही कमांड एपीच्या पोर्टसाठी चालवा; कोणता मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसतो ते ती सांगते. सेंट्रल स्विचिंगमध्ये क्लायंटचा डेटा कॅपवॅपच्या (एपी आणि कंट्रोलरमधला बोगदा) आत, यूडीपी ५२४७ वरून कंट्रोलरकडे जातो, म्हणून त्या पोर्टवर फक्त एपीचा मॅक दिसतो. लोकलमध्ये क्लायंटचा स्वतःचा मॅक दिसायला हवा, आणि तोही ३० समोर. इथे मॅक दिसत होता, पण १० समोर. म्हणजे लोकल स्विचिंग सुरू होतं, फ्रेम टॅगशिवाय बाहेर पडत होती. डीएचसीपी रिले (आयपीची मागणी सर्व्हरकडे पोचवणारा) आणि डीएचसीपी स्नूपिंग (त्या मागण्यांवरचा स्विचचा पहारा) यांच्यावरचा संशय तिथेच फिटला.

पॉलिसी प्रोफाइलमध्ये व्हीलॅन नावाने दिलेला होता. फ्लेक्स प्रोफाइलच्या व्हीलॅन टॅबमध्ये तेच नाव, पण हायफनच्या जागी अंडरस्कोर. नाव जुळलं नाही की एपीला त्याचा नंबर सापडत नाही आणि क्लायंट नेटिव्हमध्ये जाऊन बसतो. एरर कुठेही नाही. नाव तंतोतंत जुळवलं, क्लायंट पुन्हा जोडला, आणि टेबलमध्ये मॅकसमोर ३० उमटला. ती एक ओळ बघून जीव सुखावला!

पॉलिसी प्रोफाइलमध्ये थेट नंबर टाकूनही भागतं. साइट एकच असेल तर तेच करा. पण हे तपासतानाच पुढचा बेत बदलला. आधी प्रत्येक साइटला वेगळं पॉलिसी प्रोफाइल आणि वेगळा पॉलिसी टॅग (ते प्रोफाइल एपीला जोडणारा) द्यायचं ठरलं होतं. आता त्याची गरज नाही. पॉलिसी प्रोफाइल एकच, त्यात व्हीलॅनचं नाव. त्या नावाचा नंबर पहिल्या साइटच्या फ्लेक्स प्रोफाइलमध्ये ३०, तिसऱ्याच्या १३०. बदलतो तो फक्त साइट टॅग. मात्र साइट टॅग बदलला की एपी कंट्रोलरपासून तुटून पुन्हा जोडला जातो, तेव्हा वर्दळीच्या वेळी हात लावू नका. आणि डिफॉल्ट साइट टॅगवर विसंबू नका: फ्लेक्समध्ये त्यावर एपींमध्ये रोमिंगच्या की (एका एपीवरून दुसऱ्यावर चटकन जाण्यासाठीच्या सुरक्षा-किल्ल्या) वाटल्या जात नाहीत.

एपीच्या पोर्टवर पोर्ट-सिक्युरिटी (पोर्टवर किती मॅक चालतील याची मर्यादा) असेल तर आधी बघून घ्या. मर्यादा एका मॅकची असेल तर पहिला क्लायंट येताच पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करतो. सेंट्रलमध्ये हे कधी जाणवतच नाही.

कंट्रोलरशी संपर्क तोडूनही पाहिला. एसीएल (ट्रॅफिक अडवणारे नियम) लावून कॅपवॅपचे पोर्ट ५२४६ आणि ५२४७ अडवले. एपी स्टँडअलोनमध्ये (कंट्रोलरविना चालण्याच्या अवस्थेत) गेला आणि जोडलेल्या क्लायंटचा पिंग चालूच राहिला. पीएसकेवर (सगळ्यांचा एकच पासवर्ड) नवे क्लायंटही आत आले. ८०२.१एक्सवर (प्रत्येकाचं वेगळं लॉगिन) नवा क्लायंट येत नाही, कारण रेडियसशी (लॉगिन तपासणारा सर्व्हर) बोलणं कंट्रोलरमार्फतच होतं. त्यासाठी फ्लेक्स प्रोफाइलमध्ये साइटवरचा रेडियस सर्व्हर द्यावा लागेल.

तो देताना एएए ओव्हरराइडही, म्हणजे क्लायंटचा व्हीलॅन रेडियसने ठरवणं, उरकायचं आहे. त्यासाठी रेडियसच्या उत्तरात टनेल-टाइप १३, मीडियम-टाइप ६ आणि प्रायव्हेट-ग्रुप-आयडीत ४० पाठवायचा. कुठल्याही डब्ल्यूलॅनला (वाय-फाय नेटवर्कला) ४० थेट लावलेला नसला तरी फ्लेक्स प्रोफाइलच्या व्हीलॅन यादीत तो आधी असावा लागतो. त्यामुळे रेडियसला हात लावण्याआधी ४० ची नोंद सगळ्या फ्लेक्स प्रोफाइलमध्ये करून घेणार.