आंटींची ट्रंक आणि ४५चे फेरे

गिरगावातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गोवन आंटींनी मला बोलावलं, एक पत्र्याची ट्रंक आणि त्यांचा जुना एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर दाखवला आणि म्हणाल्या, बघ रे तुला काय पायजे तर, नायतर भंगारवाल्याला देते. ट्रंकेत सगळ्या रेकॉर्ड्स. खरं सांगायचं तर माझा डोळा सिमला बीटवर होता, सिगारेटच्या ब्रँडने बँड्सची कॉम्पिटिशन भरवलेली आणि १९७० ला त्याची एलपी निघालेली, शिलाँगचे फेन्टोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स वगैरे पोरं त्यात दणकून वाजवतात. ती नव्हतीच. निघाले आल्फ्रेड रोझ, सी. आल्वारिस, एम. बॉयर म्हणजे सगळी तियात्रवाली (गोव्याची कोंकणी संगीत नाटकं) मंडळी, आणि गोव्याची कोंकणी गायिका लॉर्ना हिची ‘बेबदो’, १९७१ची. बेबदो म्हणजे आपला बेवडा हो.

म्हटलं एका रविवारात लॅपटॉपवर घेऊन टाकू. तीन महिने गेले.

आधी बुरशी. मुंबईचे एवढे पावसाळे खाल्लेल्या रेकॉर्ड्स, पांढरे ठिपके गच्च बसलेले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ फडकं, आणि लेबल भिजू न देता खाचांच्या दिशेनेच गोल गोल पुसायचं. सुकवायला आईचं ताटाळं बेस्ट, फक्त आईला आधी विचारा. मध्ये एक गाढवपणा केला, ट्रंकेत दोन ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्ड्स होत्या त्यातल्या एकीवर स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा काळाकुट्ट झाला म्हणून मी खूश की काय मळ निघतोय, तो मळ नव्हता, रेकॉर्डच विरघळत होती. ७८वाली लाखेची असते, तिला अल्कोहोल चालत नाही. ती गेली.

मग प्लेअर. लॅमिंग्टन रोडला एका काकांनी नवीन पिन बसवली, वाळून दगड झालेलं ग्रीस काढलं आणि लॅपटॉपला जोडायला वायर काढून दिली. बेबदो लावली आणि ट्रम्पेट सुरू झाला तेव्हा अंगावर काटा आला. क्रिस पेरीचं म्युझिक, चर्चगेटच्या हॉटेलात हे दोघं बँड घेऊन वाजवायचे, आणि पुढे हीच लॉर्ना वर्षानुवर्षं गप्प, १९९५ला परत स्टेजवर. मागे वाजवणाऱ्या बाकीच्यांची नावं लेबलवर नाहीतच, याचा मला अजून राग येतो.

पण काहीतरी खटकत होतं. पेटीवर लावून बघितलं तर सूर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध. रेकॉर्डवर कागदाची चिठ्ठी ठेवली आणि घड्याळ लावून फेरे मोजले, मिनिटाला ४५ पाहिजेत तर ४६च्या वर जात होते. मग ऑडॅसिटी या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण ३ टक्के स्पीड कमी केला तेव्हा कुठे सूर पट्टीत बसला. त्याच जोशात नॉइज रिडक्शनही मारलं, खरखर गेली पण ट्रम्पेट पाण्याखालून वाजवल्यासारखा यायला लागला, म्हणून ते सगळं अनडू केलं आणि फक्त मोठे टकटक हाताने एकेक काढले, एका गाण्याला संध्याकाळ जायची.

पेनड्राइव्ह घेऊन आंटींच्या भाड्याच्या घरी गेलो. बेबदो लावलं. त्यांनी अर्धं ऐकलं, हात हलवला आणि म्हणाल्या, हळू वाजतंय रे, आमच्या घरात असं नव्हतं वाजत.

प्लेअर त्यांचाच ना. त्या इतकी वर्षं ४६नेच ऐकत होत्या.

घरी येऊन त्यांच्यासाठी स्पीड परत वाढवून वेगळी फाइल केली. तीच वाजते आता त्यांच्याकडे.