पहिलं वाक्य

दुपारी जेवून जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाची वही घेऊन आली. ‘मामा, यातलं जेरंड कुठलं?’

वाक्य होतं, ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज.’ म्हटलं, स्विमिंग म्हणजे पोहणं, क्रियापदाचं झालेलं नाम, तेच जेरंड. ‘ही इज स्विमिंग’मध्ये मात्र तो पोहतोय, ते क्रियापदात गेलं. जुन्या इंग्रजीत या दोघांचे प्रत्यय वेगवेगळे होते. पुढे एकात एक मिसळले आणि पोरांच्या मानगुटीवर बसले.

‘रनिंगला एन दोन आणि ईटिंगला टी एकच, असं का?’ तिने विचारलं. मी पाणी प्यायला उठलो.

आपलं बरं असतं. तुझं उशिरा येणं, माझं चिडणं, विषय संपला. तिकडे ‘मी कमिंग लेट’ की ‘माय कमिंग लेट’ यावर फाउलरसारखा इंग्रजीचा मोठा व्याकरणपंडित हटून बसला होता. शिवाय आपलं येणं, जाणं, चिडणं सगळं निमूट नपुंसकलिंगी. पण इंग्रजीचं आयएनजी आपल्या घरात आलं की त्याला लिंग फुटतं. फिल्डिंग लावली जाते, शायनिंग मारली जाते, मीटिंग काही केल्या संपत नाही. टायमिंग मात्र चुकतं आणि पार्किंग मिळत नाही. हे कुणी, कधी ठरवलं? मला तर कुणी विचारलं नव्हतं.

आम्हाला हे आठवीत शिकवलं. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यापुढे टू नाही, आयएनजीच, हे सर आमच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घेत. एकदा त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग.’ ‘ही स्टॉप्ड टू स्मोक.’ पहिल्यातल्याने ओढणं सोडलं, दुसरा ओढायला थांबला. ‘दुसरं वाक्य म्हणजे मी,’ असं म्हणून सर हसले. तास संपला की ते शाळेमागच्या लिंबाखाली दिसायचे, बोटांत बिडी. तो फरक मी आजतागायत विसरलेलो नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एस्टी स्टँडवर भेटले. अंगातला शर्ट दोन मापांनी मोठा वाटत होता. वाकलो, विचारलं, ‘सर, तब्येत?’

खोकला थांबेपर्यंत त्यांनी हात वर धरला. मग म्हणाले, ‘आता पहिलं वाक्य.’