देंब्नोचं लाकडी चर्च: मान वर करून बघायची जागा

दक्षिण पोलंडमध्ये आलेले बहुतेक लोक क्राकुफ बघतात आणि थेट तात्रा पर्वत गाठतात. वाटेतल्या नोवी तार्गला उतरून पूर्वेकडे, श्चाव्नित्साच्या रस्त्याला लागलं की देंब्नो नावाचं छोटं गाव लागतं. तिथलं संत मायकेलचं चर्च पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. आजही ते गावाचं चालू चर्च आहे, संग्रहालय नाही.

बाहेरून पाहिलं तर डोळ्यांत भरतं ते छप्परच. उतरत्या, काळवंडलेल्या लाकडी चिपांचं, भिंतींपेक्षा उंच. भिंती म्हणजे आडवे ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यांत खाचांनी अडकवलेले. एकही खिळा न वापरता चर्च उभारलं, हे इथे कौतुकाने सांगतात. खरं असेल, पण मला त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. खाचा आणि खुंट्यांवर घर उभं करणं हे त्या काळच्या डोंगरी सुतारांचं रोजचंच काम. अक्कल दिसते ती छपरात. मुख्य दालन रुंद, वेदीचा भाग अरुंद, आणि तरी दोन्हींवर आढं एकच. सुतारांनी छपराचा सांगाडा वेदीच्या रुंदीचाच ठेवला आणि दालनाची जास्तीची रुंदी दोन्ही कडांना वरून फळ्यांनी बंदिस्त केली. आत उभं राहिलं की छत कडेला एक पायरी खाली उतरलेलं दिसतं, ते त्यामुळे. मावोपोल्स्का भागातल्या जुन्या लाकडी चर्चेसची ही खास पद्धत.

पश्चिमेचा मनोरा नंतरचा, १६०१ सालचा. भोवतालची ओसरी त्याहून अलीकडची. लांबून येणाऱ्यांना प्रार्थनेआधी तिथे आडोसा मिळायचा.

आत गेल्यावर मात्र बाकी सगळं विसरायला होतं. छत, भिंती, सगळीकडे लाल, हिरवा, पांढरा, काळा. हे रंगकाम इ. स. १५०० च्या सुमाराचं, थेट लाकडावर केलेलं, आणि युरोपात या प्रकारचं इतकं जुनं काम इतक्या चांगल्या अवस्थेत क्वचितच उरलंय. वेली, फुलं, भौमितिक जाळ्या, गॉथिक खिडक्यांचे आकार, मध्येच शिकारीचं दृश्य: एकूण ७७ नमुने मोजलेत. आणि यातलं बरंचसं हाताने रेखलेलं नाही! आपण दारात रांगोळीचा छाप ठेवून रंग भुरभुरतो ना, तसे कापलेले साचे फळीवर धरून रंग लावलाय. नीट पाहिलं तर पाकळ्यांच्या मधल्या कोऱ्या पट्ट्या दिसतात, साच्याचे दुवे होते तिथल्या. सोन्याचा वर्ख नाही, नामांकित चित्रकार नाही, साचे तेच तेच. पण प्रत्येक फळीवर त्यांची जुळणी बदलते, म्हणून कंटाळा येत नाही.

वेदीच्या अलीकडे आडव्या तुळईवर क्रूस आहे, साधारण १३८० चा, म्हणजे चर्चहूनही जुना. वेदीवरच्या तीन फळ्यांच्या चित्रापेक्षा मला तोच जास्त आवडला.

२००३ मध्ये युनेस्कोने या भागातली सहा लाकडी चर्चेस जागतिक वारसा यादीत घेतली, त्यातलं हे एक. हाचुफचं चर्च याहून पुष्कळ मोठं, पण ते बरंच पूर्वेला. त्याला वेगळा दिवस काढावा लागतो. देंब्नोला जायचं तर रविवार टाळा, प्रार्थना चालू असताना आत हिंडता येत नाही.