अंड्यांना जीएसटी नसतो, हे स्टोअरला पटवताना

एमएस्सी झूलॉजीच्या प्रोजेक्टला कोंबडीच्या भ्रूणातल्या स्नायूपेशी वाढवायच्या ठरवल्या, तेव्हा डिपार्टमेंटमध्ये सगळे एकच सांगत होते, कल्चरला बुरशी लागेल. बुरशी लागली नाही. मी अडकले ते आमच्या सांगलीच्या कॉलेजच्या स्टोअर सेक्शनमध्ये, अंड्यांपायी.

विषय असा. भ्रूणातली कोवळी स्नायूपेशी, म्हणजे मायोब्लास्ट, आधी लांबट होते, मग अशा पेशी रांगेला लागतात आणि एकमेकींत मिसळून बऱ्याच केंद्रकांची एक लांब नळी बनते. तिला मायोट्यूब म्हणतात. त्यासाठी पेशीला खाली पकड लागते. तिच्या पटलातली इंटिग्रिन नावाची प्रथिनं बाहेरच्या जाळ्याला धरतात आणि आत ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या, तंतूंशी जोडलेली असतात. १९८७ मध्ये मेन्को आणि बोटिगर या संशोधकांनी प्रतिपिंड (अँटिबॉडी) घालून कोंबडीच्या मायोब्लास्टमधलं इंटिग्रिन अडवलं, तर पेशी विभागतच राहिल्या, स्नायू व्हायचं नाव घेईनात. प्रतिपिंड काढल्यावर पुढे सरकल्या. आम्हाला असलं महागडं प्रतिपिंड कोण देणार? मी पकडीसाठी जिलेटिनचा थर दिलेल्या आणि न दिलेल्या डिश, शिवाय पेशीचा आकार आतून धरून ठेवणाऱ्या सूक्ष्मनलिका मोडणारं कोल्चिसिन, एवढ्यावर भागवलं. कोल्चिसिन बॉटनीच्या कपाटात कांद्याच्या मुळांसाठी ठेवलेलं होतं, मागितल्याबरोबर मिळालं.

आता अंडी. दुकानातली चालत नाहीत. लेअर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडाच नसतो, त्यामुळे ती फलित नसतात, हॅचिंगचीच लागतात. विट्याकडच्या एका हॅचरीवाल्या दादांना फोन केला, तर म्हणाले, "एवढीच व्हय ताई? या आणि ट्रे घेऊन जावा."

मागणीपत्रकावर 'अंडी' वाचून स्टोअरच्या साहेबांनी ते कॅन्टीनच्या फाइलला लावलं. तिथून सोडवलं, तर तीन कोटेशनं हवीत. जिथे हजारांत व्यवहार चालतो, तिथे एका ट्रेचं कोटेशन, तेही लेटरहेडवर शिक्का मारून, मागायला जाऊन बघा. तीही आणली. मग निघालं जीएसटीचं बिल. कवचासकट अंड्यांवर जीएसटी नाही, दरांच्या यादीत त्यांच्या ०४०७ या कोडला दर शून्य आहे. म्हणून विकणारा टॅक्स इनव्हॉइस देत नाही, बिल ऑफ सप्लाय देतो. साहेबांचं म्हणणं, टॅक्स नाही म्हणजे बिल कच्चं. मी दरांच्या यादीचं पान छापून नेलं. "हे तुम्ही छापलंय. आम्हाला वरून आलेलं पाहिजे." म्हटलं, वरून म्हणजे नेमकं कुठून? त्याचं उत्तर मिळालं नाही.

आणि तोवर अंडी आलेली! नोंद झाल्याशिवाय स्टोअरबाहेर काही हलवायचं नाही, म्हणून एप्रिलच्या उकाड्यात ट्रे त्यांच्याच टेबलाखाली. फलित अंडी १५ ते १८ अंशांत ठेवायची असतात, आणि आठवड्याच्या पुढे त्यांचा भरवसा कमी होत जातो. खोली तापली की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो. हे मी बोलून सांगितलं, लिहून दिलं, सरांकडून फोनही करवला. साहेब ट्रेवर फाइल ठेवून जेवायला गेले. पुढे ती उबवणीयंत्रात ठेवली, तर निम्म्यांत भ्रूण मेलेले, उरलेले लहानमोठे.

सुटका केली ती अकाउंट्सच्या मॅडमनी. नाशवंत माल, रक्कम किरकोळ, तर पेटी कॅशमधून घ्या, म्हणाल्या आणि सही केली. त्यांचं टेबल साहेबांच्या टेबलाला लागूनच आहे. सगळी बोलणी त्यांच्या कानावर पडत होती का, हे विचारायचं मी टाळलं. तुम्ही मात्र आधी अकाउंट्सकडेच जा, आणि कागदावर 'भ्रूणाचे नमुने' असं लिहा.

नवी अंडी आणली आणि पुढचं भराभर झालं. ११ दिवसांच्या भ्रूणाच्या छातीचा स्नायू घेतला. पेशी सुट्या करून आधी थर न दिलेल्या कल्चर डिशमध्ये थोडा वेळ ठेवा; फायब्रोब्लास्ट, म्हणजे सोबत आलेल्या जोडऊतीच्या नको असलेल्या पेशी, लवकर चिकटतात, मायोब्लास्ट तरंगत राहतात. तरंगणारे उचलून जिलेटिनवर घाला. जिलेटिनवर माझ्या नळ्या अशा लांबलचक झाल्या, की मी बाकीच्या मुलींना बोलावून बोलावून दाखवल्या. थर नसलेल्या डिशमध्ये बहुतेक पेशी गोल होऊन गठ्ठ्यांत बसल्या. कोल्चिसिन नळ्या तयार झाल्यावरच घाला; आधी घातलं तर पेशीविभाजनच थांबतं आणि कशाचा परिणाम कोणता, ते कळत नाही. तयार नळ्या त्यात आखडून अनेक केंद्रकांच्या गोल पिशव्या झाल्या.

हो, अंड्यात जीव धरलाय का, ते चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. आणि उबवताना अंडी दिवसातून काही वेळा फिरवायला विसरू नका.

आमची ज्युनिअर आता पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून सी२सी१२ नावाच्या पेशी मागवणार आहे. त्या उंदराच्या तयार मायोब्लास्ट आहेत, अंड्यांची भानगडच नाही. तिचं मागणीपत्रक सध्या त्याच साहेबांच्या टेबलावर आहे.