मुलुंडला बसून हिमालयातला कडा कसा कळतो?

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही मुलुंडला राहता, मग उत्तराखंडातल्या चमोलीत काय कोसळलं ते इथे बसून कसं कळतं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

७ फेब्रुवारी २०२१, रविवार. तिथल्या ऋषिगंगा नदीतून चिखलराड्याचा लोंढा येताना टीव्हीवर दिसत होता आणि जो तो म्हणत होता, वरचं तळं फुटलं. मलाही तसंच वाटलं. मग नवी उपग्रहचित्रं आली, ती आधीच्या चित्रांशेजारी लावली. या चित्रांत एक ठिपका म्हणजे १० मीटर, लोकलच्या डब्याच्या साधारण निम्मा. वर फुटण्याजोगं तळं कुठेच नव्हतं. रोंटी शिखराच्या उत्तर बाजूला मात्र, परवापर्यंत पांढरं होतं तिथे, काळी खोक पडली होती. रुंदी अर्धा किलोमीटर, म्हणजे बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक उभ्या राहतील एवढी. आजूबाजूच्या बर्फावर धूळ बसलेली.

मग एवढं पाणी आलं कुठून? माझा जीव अडकला तो इथे. जूनमध्ये जगभरच्या संशोधकांचा अभ्यास आला: सुमारे २.७ कोटी घनमीटर ऐवज कोसळला, त्यात आकारमानाने ८० टक्के खडक, बर्फ फक्त २० टक्के. बर्फ जास्त असता तर बराचसा तसाच ढिगाऱ्यात पडून राहिला असता. पण खडक बर्फाहून मुळातच जड, त्यामुळे त्या ऐवजात तो वजनाने बर्फाच्या जवळपास बारा पट होता. एवढं वजन तीनेक हजार मीटर खाली येताना घर्षणाने जी उष्णता निघाली, ती जवळजवळ सगळा बर्फ वितळवायला पुरली. विद्यार्थ्यांबरोबर फळ्यावर हा हिशेब मांडला, आकडे जुळले, आणि वर्गात कुणी बोलेना.

खाली दोनशेहून अधिक माणसं गेली किंवा सापडलीच नाहीत. त्यांत कितीतरी जण धरणांच्या कामावरचे मजूर.

एक गोष्ट मला अजून छळते. आधीच्या वर्षांची चित्रं ओळीने लावली की त्याच कड्यावरची भेग रुंदावत गेलेली दिसते. चित्रं फुकट होती, कुणालाही उघडता आली असती. मीही उघडली नव्हती. आता दर वर्षी मी मुलांना एकेक दरी नेमून देते. दर महिन्याचं चित्र मागच्या महिन्याच्या शेजारी लावायचं आणि बर्फात नवी रेघ दिसली की मला रात्री-अपरात्रीही फोन करायचा.