आमची वाटचाल : उद्यमनगरातले जुने हात

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेलं आमचं मशिनशॉप आज पंपांची हाऊसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, आणि बेअरिंग कव्हर करतं. मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही; काम आलं, काम दिलं. पण एका दिवाळीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेजारच्या एका कारखानदाराने आमची सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी मशिनं, चालवणारी सगळी पोरं एकाच आठवड्यात उचलली. जादा पगार दिला, त्याची तक्रार नाही. पण आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून "तिथं आता नुसते म्हातारे उरलेत" असं सांगायची काय गरज होती? ते मी अजून विसरलेलो नाही. ऑर्डरी गेल्या, बँकेचा हप्ता डोक्यावर. सांगलीचे एक पंपवाले तेवढे थांबले. म्हणाले, "बोअर एच-७ मध्ये येऊ दे, मशिनवर कोण उभा आहे ते मला बघायचं नाही."

८० मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे आत कोरलेल्या भोकाला, एच-७ म्हणजे मापात शून्य ते अधिक ३० मायक्रॉन एवढीच सूट; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमचे साठीला टेकलेले मिस्त्री नुसत्या आवाजावरून चॅटरिंग, म्हणजे कापताना हत्याराचं थरथरणं, ओळखतात, बोरिंग बार (भोक कोरणारा दांडा) थोडा आत घेतात आणि फिनिश आणतात. अडत होतं ते दुसरीकडेच. मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नव्हत्या, जॉब पकडणारा जड फोर-जॉ चक उचलवत नव्हता. मग डिजिटल मायक्रोमीटर घेतले, मशिनवर एलईडी दिवे लावले, जिब क्रेनला (खांबावर फिरणाऱ्या क्रेनला) चेनब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, टांगला, पायाखाली रबरी मॅट टाकली. त्यांची रात्रपाळी बंद केली.

सीएनसीची धास्ती एका वहीने घालवली. माझ्या मुलीने मशिनला हुकूम देणारे कोड मराठीत लिहून दिले : जी-००, रिकामी धाव; जी-०१, सरळ काप. वाचून मोठे मिस्त्री म्हणाले, "हे तर आमचंच काम की, हँडल तेवढं मशिन फिरवतंय." पहिल्या लॉटमधले काही जॉब रिजेक्ट झाले. इन्सर्ट (हत्याराची कापणारी टिकली) किती घासल्यावर ऑफसेट, म्हणजे मापाची भरपाई, किती द्यायचा, हे हातात बसल्यावर पुढचा लॉट पंपवाल्यांनी पूर्ण घेतला.

नव्या कारखानदारांना सांगतो, ५८ झाली की माणूस संपला असं धरू नका. त्या वयाला साधारणपणे पेन्शन योजनेतला भरणा थांबतो. नोकरी चालू असेल तर पीएफ चालूच राहतो आणि मालकाचा सगळा हिस्सा त्यातच जातो. पगारवाढ रोखू नका. आणि शाल-नारळ देऊन जबाबदारी काढून घेऊ नका, माणूस त्यानेच खचतो. आमच्याकडे नवा पोरगा मिस्त्रींच्या हाताखाली जातो, शिकवण्याचा भत्ता त्यांना वेगळा मिळतो आणि पोरगा मशिनवर एकटा कधी उभा राहणार, हे तेच ठरवतात.

आता दुसऱ्या रांगेलाही जिब क्रेन बसवतोय. खांब कुठे रोवायचा ते मिस्त्रींनी खडूने आखून दिलंय.