फोड गेले, आग राहिली

आज आत्याला पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात नेलं. नागिणीचे फोड जाऊन कित्येक महिने झाले, कातडी स्वच्छ दिसते, तरी ब्लाउजचं कापड बरगडीला लागलं की ती कळवळते. घरातले म्हणतात, "मनातून काढून टाक." या वाक्याचा मला फार राग येतो.

लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून राहतो. वयानं प्रतिकारशक्ती घटली की उठतो, नागीण होऊन बाहेर येतो आणि त्याच पेशींना इजा करतो. जखमी पेशींच्या सोडियम वाहिन्या, म्हणजे विद्युत संदेश सुरू करणारी पेशीवरची बारीक दारं, बिघडतात. कुणी हात न लावताही त्या पेशी संदेश पाठवत राहतात. त्या माऱ्यानं मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होतात, मग साधा स्पर्शसुद्धा वेदना होऊन मेंदूत पोचतो. दुखणं खरंच तिच्या नसांत आहे हो! नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या म्हणूनच तिला लागू पडत नव्हत्या. आता प्रीगॅबालिन हे नसांच्या वेदनेवरचं औषध सुरू झालंय, कमी मात्रेत, कारण त्यानं गुंगी आणि चक्कर येते.

५० वर्षांपुढच्यांसाठी नागिणीची लस भारतात मिळते, डॉक्टरांना जरूर विचारा. आणि पुरळ दिसलं तर गेरूचा लेप लावत बसू नका, विषाणूरोधक औषध शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं.